भाकरी चालते, पण पीठ कुठे दळलं?

गहू बंद करू नका. अजून नाही.

सिलिअ‍ॅकचा (गव्हासारख्या धान्यांमुळे लहान आतडं खराब करणाऱ्या आजाराचा) संशय आलेल्या कुठल्याही घराला मी आधी हेच सांगते, कारण आम्ही नेमकं उलटं केलं होतं. लेक सहा वर्षांची. लोहाच्या बाटल्यांवर बाटल्या संपल्या तरी हिमोग्लोबिन आठच्या वर जाईना. पोट पुढे, हातपाय काड्या, उंचीनं वर्गात सगळ्यात लहान. जंताचं औषध तीनदा देऊन झालं. "हाडानं बारीक आहे, आजीच्या वळणावर गेलीय," हे तर घरचंच निदान. मग कुणीतरी म्हणालं, गहू बंद करून बघा. आम्ही केला. दोन महिन्यांत पोट उतरलं, पोरगी हसूखेळू लागली, आणि मग मोठ्या उत्साहानं आम्ही तपासणीला गेलो. रिपोर्ट धड इकडचा ना तिकडचा. डॉक्टर म्हणाले, पुन्हा गहू सुरू करा आणि काही आठवड्यांनी या. बरी होत आलेली पोर आपल्याच हातानं परत आजारी पाडायची, हे काय असतं ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

कारण साधं आहे. सिलिअ‍ॅकमध्ये गहू, जव (बार्ली) आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतून अन्नरस शोषला जातो. ते झिजून सपाट होतात. मग लोह असो, कॅल्शियम असो, खाल्लेलं अंगी लागत नाही. तपासण्या या उलटण्याच्या खुणा शोधतात. गहूच थांबवला तर खुणा पुसत जातात आणि रिपोर्ट खोटा दिलासा देतो.

हा रोग म्हणजे गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. अ‍ॅलर्जीत खाल्ल्यावर थोड्याच वेळात पुरळ, सूज, दम असा प्रकार होतो आणि तिच्या तपासण्या निराळ्या. "पोळी खाल्ली की जरा जड वाटतं" म्हणजेही सिलिअ‍ॅक नव्हे. आणि केवळ लहान मुलांचा किंवा फक्त पंजाब-राजस्थानकडचा रोग, हेही खरं नाही. उत्तरेत प्रमाण जास्त आहे, दक्षिणेत बरंच कमी, पण आपल्याकडे तो नाही असं समजून कुणी तपासतच नाही, ही खरी अडचण.

कुणी तपासून घ्यावं

महिनोन्‌महिने जुलाब, पोट फुगणं, वजन न वाढणं ही ओळखीची लक्षणं. पण कितीतरी जणांना जुलाब नसतातच. गोळ्या घेऊनही न हटणारा पंडुरोग (रक्त कमी असणं), मुलांची खुंटलेली उंची, सारखं तोंड येणं, दातांवरच्या थराला खड्डे, तरुण वयात ठिसूळ हाडं, कारण न सापडलेले वारंवार गर्भपात, यकृताच्या तपासणीत वाढलेले आकडे, कोपर-गुडघ्यांवर भयंकर खाजणारे बारीक फोड: यांपैकी एखादंच लक्षण असू शकतं. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा ऑटोइम्यून (आपल्याच संरक्षणव्यवस्थेमुळे होणारा) आजार असलेल्यांमध्ये शक्यता वाढते. घरात एकाला निघाला तर आईवडील, भावंडं, मुलं यांनी त्रास नसला तरी रक्त तपासावं. जवळच्या नात्यात साधारण दहातल्या एकाला तो निघू शकतो.

तपासणी कशी होते

पहिली पायरी रक्ताची. टीटीजी-आयजीए ही मुख्य चाचणी, ती या रोगात तयार होणारी प्रतिपिंडं मोजते, आणि तिच्या जोडीला एकूण आयजीए, म्हणजे त्या प्रकारच्या प्रतिपिंडांचं रक्तातलं एकूण प्रमाण. ही दुसरी चाचणी पुष्कळदा लिहूनच दिलेली नसते, तेव्हा तुम्ही विचारा. काही लोकांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं. त्यांची टीटीजी-आयजीए नॉर्मल आली तरी तिच्यावर विसंबता येत नाही, त्यांना आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांची चाचणी लागते. उपाशीपोटी जायची गरज नाही.

रक्तात आकडा वाढलेला निघाला की पोटविकारतज्ज्ञ दुर्बिणीची तपासणी सुचवतात. तोंडातून दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा बारीक तुकडे घेतात. एकच तुकडा पुरत नाही, कारण आतडं ठिकठिकाणीच खराब झालेलं असू शकतं. मुलांना गुंगी किंवा भूल देतात आणि बहुधा त्याच दिवशी घरी सोडतात. लेक शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते "आता आइस्क्रीम," त्यामुळे निदान या भागाला तरी घाबरू नका. तुकड्यांच्या रिपोर्टवर 'मार्श' नावाची श्रेणी असते. मार्श ३ म्हणजे उंचवटे झिजलेले, आणि त्यात अ, ब, क अशा पायऱ्या.

मुलांमध्ये टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असेल आणि वेगळ्या वेळी काढलेल्या रक्तात ईएमए ही दुसरी चाचणीही पॉझिटिव्ह असेल, तर दुर्बिणीशिवाय निदान करण्याची पद्धत युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. हा निर्णय डॉक्टरांचा. आपल्या हवामानात जिआर्डियासारखे जंतू, आतड्याचा क्षय, ट्रॉपिकल स्प्रू (उष्ण प्रदेशातला आतड्याचा एक विकार) यांनीही अस्तर खराब होतं. म्हणून नुसत्या तुकड्यांवर किंवा एकाच रक्तचाचणीवर कुणी शिक्का मारत असेल तर दुसरं मत घ्या.

एचएलए नावाची जनुकीय चाचणी महाग असते आणि तिचा अर्थ उलटा लावावा लागतो. ती निगेटिव्ह असेल तर सिलिअ‍ॅक जवळजवळ नाहीच. पॉझिटिव्ह असेल तर फारसं काही सिद्ध होत नाही, कारण ती जनुकं असलेले पुष्कळ लोक आयुष्यभर पोळी पचवतात. शंभर-दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' यादी छापून देणाऱ्या तपासण्यांवर मात्र एक रुपयाही घालवू नका.

आमच्यासारखं गहू आधीच सोडून बसला असाल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो परत सुरू करावा लागतो. साधारणपणे रोज, एकाहून अधिक जेवणांत, किमान सहा आठवडे. लहान मूल, गरोदरपण किंवा फार तीव्र त्रास असेल तर हा प्रयोग स्वतःच्या मनानं करायचा नाही.

एवढ्याशानं काय होतं?

हा प्रश्न तुम्हाला आयुष्यभर ऐकायचा आहे, तेव्हा उत्तर पाठच करून टाका. एका मध्यम पोळीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, हे प्रयोगानं दिसलेलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा-साठावा भाग. चिमटीत मावणारा कण. भारतात 'ग्लुटेन-फ्री' छापायचं तर पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, हा नियमही याच हिशेबातून आलेला आहे.

दुसरं उत्तर: यावर औषध नाही. पथ्य हाच उपचार, आणि तो जन्माचा. मूळव्याधीपासून मधुमेहापर्यंत सगळं मुळापासून बरं करणारे लोक सिलिअ‍ॅकही बरा करून देतो म्हणतील. त्यांना नमस्कार करा आणि पुढे चला.

गिरणी

निदान झाल्यावर मला सगळ्यांनी धीर दिला, "अगं, आपल्याकडे काय कमी आहे? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ. भाकरीच खायची." बरोबरच होतं ते. गव्हाशिवाय जगायला महाराष्ट्रासारखा मुलूख नाही. पिठलं-भाकरी, वरण-भात, घावन, उकड, धिरडी, पोहे, उकडीचे मोदक, सोलकढी-भात. शिवाय उपवासाचं अख्खं कपाट आपल्यासाठी उघडं: वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा. मी सहा महिने लेकीला निष्ठेनं ज्वारीची भाकरी घातली. टीटीजी हलेना.

खोट भाकरीत नव्हती, आमच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत होती. चक्कीच्या दगडांत, वरच्या टोपात, पीठ पडतं त्या कापडी नळीत मागच्या दळणाचं पीठ राहतंच. हवेतही गव्हाचा धुरळा असतो. "काका, ज्वारीवरच ज्वारी दळा हं," असं आपण सांगतो, काकाही मनापासून "हो ताई, आत्ताच बाजरी काढली" म्हणतात. त्या बाजरीच्या आधी काय होतं? गहू. काही जण आधी किलोभर तांदूळ दळून तो बाजूला ठेवतात आणि मग आपलं दळण टाकतात. त्यानं गव्हाचं पीठ कमी होतं, पण संपत नाही.

म्हणून माझा आग्रह असा: पहिला मोठा खर्च घरघंटीवर करा. परदेशी पास्ता आणि महागडे ब्रेड नंतर. घरघंटी नवी घ्या, कारण वापरलेली म्हणजे गहू दळलेलीच. आणि तिच्यात गहू कधी, कुणाचाही, एक मूठही पडता कामा नये. शेजारच्या काकू "दोन किलो दळून दे गं, गिरणी बंद आहे" म्हणून डबा घेऊन उभ्या राहतात तेव्हा नाही म्हणणं अवघड जातं. तरी म्हणा. मी शेवटी घरघंटीवर 'गहू नाही' अशी चिठ्ठीच चिकटवली.

दळायच्या आधी धान्य निवडा. ज्वारीच्या पोत्यात गव्हाचे दाणे सापडतातच, ते ताटात पसरून वेचावे लागतात. मग धुवा, कडक उन्हात वाळवा, मग दळा. हे काम कंटाळवाणं आहे, पण मालदांडीची शुभ्र ज्वारी ताटात पसरली की गव्हाचा तांबूस दाणा पटकन डोळ्यात भरतो. लेकीला त्याचा खेळ करून दिला होता, एका दाण्याला एक शेंगदाणा. बेसनही विकतचं नको. हरभऱ्याची डाळ घरीच दळा. बाजारातल्या ज्वारी-नाचणीच्या पिठावर 'ग्लुटेन-फ्री' छापलेलं नसेल तर ते गिरणीच्या पिठासारखंच समजा.

आणि खपली गहू. तो पौष्टिक आहे, पचायला हलका आहे, सगळं कबूल. पण तो गहूच आहे. त्यात ग्लुटेन असतं. दुकानदार काहीही सांगो.

घरातले छुपे गहू

हिंग. वरणात, आमटीत, चिवड्यात, लोणच्यात, पापडात, ताकात सगळीकडे. बाजारातलं बांधणीचं हिंग म्हणजे खरं हिंग थोडं आणि बाकी गव्हाचं पीठ किंवा मैदा नि डिंक. डबीच्या मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. तांदळाच्या पिठातलं ग्लुटेन-फ्री हिंग मिळतं, ते शोधा. मिळेपर्यंत लसूण आणि जिऱ्यावर भागवा.

थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरांत गहू असतो. मेतकुटातही मूठभर असतोच. सातूच्या पिठात गहू, कुरडया तर गव्हाच्या चिकाच्याच. डिंकाच्या लाडवात काही घरांत कणीक. आंबोळीच्या आणि मालवणी वड्यांच्या पिठात घरागणिक फरक, विचारल्याशिवाय खाऊ नये. गोव्यात किंवा मालवणात बांगडा चांगला, पण तो रव्यात घोळवून तळतात. तांदळाचं पीठ लावून, वेगळ्या तव्यावर मागावा लागतो. काजूची फेणी चालते, बिअर नाही.

गोड-तिखट पुड्यांवर मैदा, सूजी, रवा, दलिया, शेवया, बार्ली, माल्ट हे शब्द शोधा. मक्याच्या फ्लेक्समध्ये आणि दुधात घालायच्या पौष्टिक पावडरींत माल्ट असतो, तो बहुधा बार्लीचा. सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर बहुधा गहू असतो. 'नाचणी बिस्किट' वाचून हुरळू नका, घटकांच्या यादीत पहिला शब्द पाहा, तो बहुतेक वेळा मैदा निघतो. 'मल्टिग्रेन'चंही तेच. पॅकेटवर 'कंटेन्स' या शब्दापुढे व्हीट लिहिलेलं असेल तर वाचन तिथंच थांबवा. ओट्समध्ये स्वतःचं ग्लुटेन नाही, पण आपल्याकडचे साधे ओट्स गव्हात मिसळलेले असतात. पहिलं वर्षभर बाजूलाच ठेवा, नंतर शुद्ध प्रकार डॉक्टरांना विचारून. औषधाच्या गोळ्यांबद्दल औषधवाल्याला विचारायचं.

स्वयंपाकघरात काय वेगळं हवं? लाकडी पोळपाट-लाटणं, लाकडी उलथनं, पिठाची चाळणी, टोस्टर, चरे पडलेलं नॉनस्टिक आणि भाकरीचा तवा. हे सगळं नवं आणि खूण केलेलं. स्टीलची भांडी नीट घासली की पुरे. भाकऱ्या आधी, पोळ्या नंतर, कारण कणीक चाळताना उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं. लोण्याच्या नि जॅमच्या बरणीत पावाचे तुकडे पडतात, तेव्हा एक बरणी वेगळी. आम्ही दीड वर्ष दोन चुली चालवल्या. मग सासूबाईच एक दिवस म्हणाल्या, "किती ते सांभाळायचं? सगळेच भाकरी खाऊ." तेव्हापासून घरात गहू नाही. ज्याला पोळी हवी तो बाहेर खातो. हे प्रत्येक घराला जमेल असं नाही, पण जमलं तर डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

एक सावधगिरी. गहू गेला की ताटात नुसता भात, बटाटा आणि साबुदाणा उरतो. तसं करू नका. डाळी, पालेभाज्या, अंडी-मासे खात असाल तर ते, आणि नाचणी रोज. तिच्यात शंभर ग्रॅममागे ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम आहे. सुरुवातीचे काही आठवडे दूध पचत नसेल तर घाबरू नका. आतड्याचं अस्तर भरून येईपर्यंत असं होतं. ताक, दही बहुधा चालतं.

प्रसाद, पंगत, शाळेचा डबा

सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा. नाकारला तर लोक दुखावतात, खाल्ला तर पोट. लेकीला शिकवलं, हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि बाबाच्या हातावर ठेवायचा. आता आमच्याकडची पूजा असली की प्रसादाचा शिरा वरईचा करतो, गुरुजींनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरांतही हाच पेच आहे, कारण कम्युनियनची पोळी गव्हाची. तिथं अगदी कमी ग्लुटेनची पोळी किंवा नुसता द्राक्षरस घेण्याची मुभा चर्चनं दिलेली आहे, फादरशी आधी बोलून ठेवायचं.

लग्नात घरून जेवून जा. वरण-भात निर्धोक वाटतो, पण हिंग आणि इकडचा डाव तिकडे. हॉटेलात इडली बरी, पण सांबारात हिंग, आणि काही ठिकाणी इडलीतही रवा. तळलेलं काहीही मागताना तेच तेल कशाकशाला वापरलंय ते विचारा. त्याच कढईत समोसा तळला असेल तर बटाट्याची भजीही बाद. एसटीच्या प्रवासात शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, केळी. विमानाचं तिकीट काढताना ग्लुटेन-फ्री जेवणाची नोंद होते, जीएफएमएल असा संकेत आहे, तरी डबा असू द्या. हिवाळ्यात कुणी हुरड्याला बोलावलं तर जरूर जा. तो ज्वारीचा. फक्त शेजारी गव्हाच्या ओंब्या भाजत नाहीत ना ते बघा.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटा, तोंडी सांगून लिहूनही द्या. वाढदिवसाच्या केकच्या दिवशी मुलाचा खाऊ आपला आपण पाठवायचा, म्हणून शिक्षिकेकडे एक डबी कायम ठेवलेली बरी. खेळायच्या रंगीत पिठात, म्हणजे विकतच्या प्ले-डोसारख्या पिठात, गहू असू शकतो. ते तोंडात जायला नको आणि खेळून झाल्यावर हात धुवायचे.

चुकून खाल्लं गेलं तर उतारा नाही. एन्झाइमच्या गोळ्या विकल्या जातात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका. पाणी, विश्रांती, आणि काय खाल्लं होतं ते वहीत लिहिणं. त्रास झाला नाही म्हणजे चालतं, असा अर्थ काढायचा नाही. काहींना काहीच जाणवत नाही आणि आतडं आतल्या आत झिजत राहतं.

डॉक्टरांकडे परत

सहा महिन्यांनी टीटीजी पुन्हा, मग वर्षानं, आणि पुढे वर्षातून एकदा. आकडा हळूहळू उतरतो, लहान मुलांचा लवकर, मोठ्यांच्या आतड्याला दोन वर्षंही लागतात. उतरत नसेल तर नव्या औषधाच्या मागे लागण्याआधी गिरणी आणि हिंग तपासा. सोबत हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. मोठ्यांना हाडांची घनता. मुलांची उंची-वजनाची नोंद स्वतः ठेवा. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा आहेत, घरघंटी आली त्या वर्षी दोन रेघांमधलं अंतर एकदम वाढलेलं दिसतं. धाकट्याची टीटीजी निगेटिव्ह आली, पण ती एकदाची नव्हे. त्रास नसला तरी काही वर्षांनी परत करायची.

दिवाळी जवळ आली असेल तर फराळाचा क्रम असा ठेवा. तेल नवं, कढई वेगळी. आधी अनारसे, मग घरी दळलेल्या तांदळाच्या भाजणीच्या चकल्या, शेव. पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू. हे सगळं डब्यांत भरून, झाकणांवर नाव लिहून वरच्या फळीवर गेलं की मगच शंकरपाळ्यांचा मैदा बाहेर काढायचा.